याचं पारणं कधी?

माघ लागला की दोंडाईच्याच्या बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी पडतात. नजर पोचेल तिथवर रान लाल होतं, आणि वारा गावाकडं वळला की अख्खी पेठ शिंकत सुटते. बाहेरगावचा माणूस डोळे पुसत विचारतो, तुम्ही इथं राहता तरी कसे? आम्ही शिंकतो आणि राहतो.

त्या पेठेत पारसमल शेठचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. शेठच्या बायकोला, मंजूबाईला मात्र मिरचीचा ठसका लागलेला मी कधी पाहिला नाही. आमची कोकिळा म्हणायची, "उपासतापास करी करी तिन्हा घसाच येगळा व्हयी गया."

कोकिळा ही माझ्या भाऊबंदकीतली. शेठच्या घरी धान्य निवडायला, पापड लाटायला लागली तेव्हा दोघींच्याही केसांत एक पांढरा नव्हता. आता दोघी सत्तरीला टेकल्यात. मंजूबाईच्या घरात मारवाडी बोलतात, कोकिळा बोलते अहिराणी, आणि इतक्या वर्षांत दोघींचं कधी अडलं नाही. या गोष्टीतलं पुष्कळसं मला कोकिळेनंच सांगितलेलं आहे.

मंजूबाईचे उपास म्हणजे आपल्यासारखे नव्हेत. जैनांच्या उपासात साबुदाणा नाही, केळं नाही, दूध नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. असे आठ दिवस लागोपाठ केले की अठ्ठाई होते. मंजूबाईच्या अठ्ठाया किती झाल्या ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि स्थानकातल्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागेतल्या, बायकाही तिला विचारायच्या थांबल्या होत्या.

"आम्हना उपास म्हंजे खिचडी, शेंगादाना आनि वरतून दोन केळा," कोकिळा म्हणायची. "तुन्हा उपास म्हंजे कोमट पानी. पोटनं काय वाकडं करं व तुन्हं, शेठानी?"

"पोटाला मारायला नाही करत. जिभेला लगाम लावायला करते."

"तुन्ही जीभले लगाम? मंग माले रोज कोन बोलस?"

आणि दोघी हसायच्या.

एकच तप मंजूबाईचं राहिलेलं होतं. वर्षीतप. फाल्गुनातल्या वद्य अष्टमीला ते सुरू होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, पुन्हा उपास, असं करत वर्ष ओलांडायचं आणि पुढच्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसानं सोडायचं. त्या सोडण्याला पारणं म्हणतात. पहिल्या तीर्थंकरांना त्या दिवशी उसाचा रस मिळाला होता, म्हणून रस. तिच्या सासूनं हे तप केलेलं होतं. मंजूबाई सून होऊन आली त्या वर्षी सासूचं पारणं तिच्या हातून झालं, आणि तेव्हाच तिनं मनात धरलं, एक दिवस मीही. मग मुलाचा, पुनीतचा, जन्म, मग सासूचं अंथरूण, मग पुनीतचं लग्न, मग कोरोना. दर वेळी अष्टमी यायची आणि निघून जायची. या वर्षी मात्र घर मोकळं होतं. चातुर्मासातच तिनं महासतीजींना, म्हणजे त्यांच्या साध्वींना, सांगून ठेवलं होतं. त्या तपासाठी पांढऱ्या काठाची नवी साडी आणून कपाटात ठेवली होती.

आणि पौषात ती सोनगीरची कळशी आडवी आली.

सोनगीरच्या तांबटांनी घडवलेली तांब्याची कळशी, सासूच्या वेळची. उपासाचं पाणी त्यातच उकळायचं. सकाळी मंजूबाईनं ती शेगडीवरून उतरवली आणि पाठीत कट् झालं. कळशी तिनं सोडली नाही. नीट खाली ठेवली आणि मग भिंतीला धरून बसली.

"उसण भरनी," कोकिळेनं निदान केलं. "छगनले बलाव."

छगन हा मिरचीच्या गोदामातला हमाल. दोन पोती पाठीवर घेऊन फळी चढणारा गडी. तो पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण निघते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. छगन आला, दारातच उभा राहिला आणि सगळं ऐकून मागं सरकला.

"शेठानीले लाथ मारू? माले नरकमा बी जागा नही भेटाव."

"लाथ नही रे मुडद्या," कोकिळा ओरडली, "नुसता पाय लाव."

छगननं पाय धुतले. हात जोडले. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि पाय लावला. त्याच्या मते तो हळूच लावला होता. मंजूबाईच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, ती फक्त पांढरी पडली. पुढं किती दिवस तिला बसवेना की झोपवेना. छगन दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला.

शेवटी सून प्रियल तिला धुळ्याला घेऊन गेली. गाडी पारसमल चालवत होता. सोनगीरचा किल्ला दिसला तसा तो नेहमीप्रमाणं म्हणाला, "किल्ला आला," आणि मंजूबाई नेहमीप्रमाणं मान वळवून पाहायला गेली, तर मान वळेना.

हाडांच्या डॉक्टर हेमांगीताई वयानं प्रियलएवढ्याच. त्यांनी पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हे बघा आजी, बाकीचे मणके कसे चौकोनी आहेत, विटेसारखे. हा एक पुढून दबलाय. ही उसण नाही. मणका मोडलाय."

"पडले नाही मी."

"पडायला लागत नाही. हाडं आतून ठिसूळ झाली की कळशीही पुरते. मला सांगा, साडी हल्ली लांब वाटते का?"

मंजूबाईनं प्रियलकडं पाहिलं. गेली दोन-तीन वर्षं ती परकर वर खोचत होती. तिला वाटायचं, नाडी सैल झाली.

डॉक्टरांनी आणखी विचारलं. गर्भाची पिशवी काढलीय का? काढलेली होती, चाळिशीच्या आतच. तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून घेतली, रक्त तपासलं, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आता पाहा, सांगणाऱ्याचं बरोबर असतं आणि ऐकणाऱ्याचंही. मंजूबाईच्या घरात पाण्याच्या थेंबातही जीव मानतात. ती भांडी धुते तेही मोजक्या पाण्यात. गोळी गिळायला घोट पुरतो, मग ग्लासभर कशाला? तिनं घोटभर पाण्यानं गोळी घेतली आणि पाठ ठणकत होती म्हणून पडून राहिली. गोळी अन्ननलिकेतच अडकली असावी. तिसऱ्या गोळीनंतर छातीत अशी आग उठली, की मिरचीला न ठसकणारी बाई दोन दिवस पाणी गिळताना रडली.

"ग्लासभर सांगितलं होतं ना मी?" हेमांगीताईंनी कपाळाला हात लावला.

"चूक झाली," मंजूबाई म्हणाली. "पाणी वाया घालवायची सवय नाही."

गोळी बंद झाली. मग डॉक्टरांनी इंजेक्शनचं काढलं. दर सहा महिन्यांनी एक, कातडीखाली, दंडात किंवा पोटावर. हाडं झिजायचं थांबतं, हळूहळू भरही पडतो, पुढचा मणका मोडायची भीती पुष्कळ कमी होते.

"पण एक गोष्ट आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "हे धरलं की मनानं सोडायचं नाही. लोक काय करतात, दोन घेतात, बरं वाटलं की फिरकत नाहीत. मग हाडं पहिल्याहून वेगानं ढासळतात. एकामागून एक मणके मोडलेले पाहिलेत मी."

 मंजूबाईनं विचारलं, "याचं पारणं कधी?"

डॉक्टरांना कळेना. प्रियल म्हणाली, "मम्मीजी विचारतायत, हे संपतं कधी. आमच्याकडं कुठलंही व्रत घेतलं की त्याचा सोडायचा दिवस ठरलेला असतो."

"काही वर्षं तरी चालेल. मग पुन्हा तपासू. थांबवायचंच झालं तर दुसरं औषध देऊन उतरवावं लागतं. तेही बहुतेक सुईनंच."

"म्हणजे पारणंही सुईचंच," मंजूबाई म्हणाली. डॉक्टर हसल्या. मंजूबाई हसली नाही.

तिनं वर्षीतपाचं विचारलं. हेमांगीताईंनी सरळ सांगितलं. या इंजेक्शननं रक्तातलं कॅल्शियम खाली येऊ शकतं, आणि तिचं आधीच काठावर होतं. आधी ते भरून काढायचं, दात एकदा तपासून घ्यायचे, मग इंजेक्शन. आणि त्यानंतर रोजचं जेवण, रोजच्या गोळ्या. वर्षभर एकाआड एक उपास आणि हे, दोन्ही एकत्र त्या करू देणार नव्हत्या.

"आणि सुई नाही घेतली, तप केलं तर?"

"तुमचं शरीर आहे आजी. मी जबरदस्ती करणार नाही. पण पुढचा मणका तुम्हाला विचारून मोडणार नाही."

परतीच्या वाटेवर किल्ला आला. पारसमल काही बोलला नाही.

सुरुवातीला घरात कुणीही तिला सुई घे म्हणालं नाही आणि नको म्हणालं नाही, आणि तेच तिला जड गेलं. पुनीत म्हणाला, तुझी मर्जी. नात्यातल्या कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं, या सुईनं जबडा सडतो. प्रियलनं डॉक्टरांना फोन केला. तसं होतं, पण फार क्वचित, आणि म्हणूनच दात आधी पाहायचे, असं उत्तर आलं. दात पाहिले. एक किडका निघाला, तो काढला, जखम भरली. म्हणजे तेही कारण उरलं नाही.

पारसमलनं तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "पुनीतच्या आई, तू सुई घे. तुझ्या नावानं वर्षीतप मी करतो."

कोपऱ्यात गहू निवडणाऱ्या कोकिळेच्या हातातलं सूप थांबलं.

"शेठ, परवा भाजी तिखट व्हयनी म्हनीसन एक टाइम जेवना नहीत तुम्ही, ते बठ्ठा बजार डोकावर लिधा व्हता."

"तू गप गं."

"मी गपच शे. तुम्हनं पोट बोलाव."

मंजूबाई बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना पाठ धरली. "दुसऱ्याचं तप आपल्या खात्यात येत नाही," ती म्हणाली. "पण बोललात, तेवढं पुष्कळ."

तिची अडचण सुईची भीती नव्हती. तिच्या जन्मात तिनं घेतलेला एकही नियम मोडलेला नव्हता. सासरी आल्या दिवशी रात्री न जेवण्याचा घेतला, तो बाळंतपणातही पाळला. अशा बाईला कुणी म्हणतं, हे धर आणि सोडू नको, तर ते तिला औषध वाटत नाही. तिला तो नियम वाटतो. आणि तो कशासाठी घ्यायचा, तर देहासाठी. ज्या देहाला आवरण्यात आयुष्य गेलं, त्याच्याच नावानं, न संपणारा नियम. त्यात कपाटात ती नवी साडी होती.

एका दुपारी कोकिळा तिच्या पाठीला शेक देत होती. पथारीवरून मिरच्यांचा वास येत होता.

"शेठानी, तुन्ही सासू याद येस का तुले?"

"का गं?"

"ती माले मन्हा जोडावरतून वळखे."

 खरं होतं ते. सासूनं वर्षीतप केलं, मोठ्या मानानं पारणं झालं. नंतरच्या वर्षांत म्हातारी कमरेतून अशी वाकली की तिला समोरचं माणूस दिसेना. घरात आलेल्याला ती चपलांवरून ओळखायची. निळा पट्टा म्हणजे पुनीत. टाच झिजलेली म्हणजे कोकिळा. महासतीजी तर अनवाणी. त्या घरी आल्या की म्हातारी त्यांच्या पावलांशी बोलायची आणि मान वर करायची धडपड करायची. तेव्हा सगळे म्हणायचे, वय झालं. हाडांचं कुणाला ठाऊक होतं?

"तुन्ही मान मी आसी व्हऊ देवाव नही," कोकिळा म्हणाली. "पयलेच सांगी ठेवस. तुन्हा देव तुले काय सांगी तो सांगो."

मंजूबाईचे डोळे भरले. तिनं पुसले नाहीत, कारण कोकिळा पाठीमागं होती.

फाल्गुनात महासतीजी विहार करत, म्हणजे पायी चालत, गावात आल्या. मंजूबाई कोकिळेला सोबत घेऊन स्थानकात गेली. इतकी वर्षं ती जमिनीवर आसन टाकून ताठ बसत होती, आज पहिल्यांदा खुर्चीवर बसली, आणि त्याची लाज तिच्या तोंडावर दिसत होती. तिनं सगळं सांगितलं.

महासतीजी म्हणाल्या, "औषध घ्या, असं आम्हाला सांगता येत नाही. घेऊ नका, असंही सांगता येत नाही. तुमच्या जिवाला सुख वाटेल तसं करा. मात्र ठरलं की त्यात ढिलाई नको."

मंजूबाईनं मान खाली घातली, आणि तशीच बसून राहिली. समोर महासतीजींची पावलं होती, विहारानं भेगाळलेली. तिनं ती पाहिली आणि मग, कोकिळा सांगते, जशी काही कुणी हाक मारली, तशी मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत म्हणाली,

"मला एक पचखाण द्या. ज्या तारखेला सुई ठरेल ती तारीख माझ्याकडून चुकली, तर सुई घेईपर्यंत गूळ, साखर, गोड सगळं बंद."

औषधाचं सांगता येत नसलं तरी गोडाचा त्याग महासतीजी देऊ शकत होत्या. त्यांनी पाठ म्हटला आणि हात जोडलेल्या मंजूबाईला पचखाण, म्हणजे त्या त्यागाचं व्रत, दिलं.

तोवर रक्तातलं कॅल्शियम भरून आलं होतं, आणि पहिल्या सुईचा दिवस तिनंच निवडला. फाल्गुन वद्य अष्टमी. त्या सकाळी स्थानकात तिघीजणींनी वर्षीतप सुरू केलं. मंजूबाई त्यांच्या पाया पडली, त्यांच्या डोईवर हात ठेवला आणि गाडीत बसली. पांढऱ्या काठाची ती नवी साडी तिनं नेसली होती. प्रियलला वाटलं, सासूबाई रडतील. पण ती सोनगीरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. किल्ला आला तेव्हा पारसमलच्या आधी तीच म्हणाली, "आला."

दंडावर चिमटा बसला तेवढंच. तिनं विचारलं, "झालं?" नर्स म्हणाली, झालं. "एवढ्यासाठी एवढा विचार केला मी," ती प्रियलला म्हणाली. आणि मग जिना उतरताना, कुणी न विचारता, "पण विचार करायलाच हवा होता."

रोज जेवण, रोज गोळ्या, सकाळी मोजून ग्लासभर पाणी. ते पाणी पिताना मात्र पहिले काही दिवस तिचा जीव कासावीस व्हायचा. दुपारी कोकिळा तिला ओट्यावर उन्हात बसवायची. समोरून छगन जायचा. एकदा मंजूबाईनंच हाक मारली, "छगन, ये ना." तो दोन हात लांब उभा राहिला आणि पाय एकमेकांत लपवू लागला.

"तुझ्या पायामुळं नाही रे मोडलं. आधीच मोडलेलं होतं."

"तरी बी शेठानी," छगन म्हणाला, "आते मी कोनले पाय लावत नही."

त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून पर्युषण उशिरा आलं. आणि दुसऱ्या सुईची तारीख नेमकी त्या आठ पवित्र दिवसांच्या मधोमध पडली. स्थानकात बायका बोलू लागल्या. पर्युषणात दवाखाना? चार दिवसांनी घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे? प्रियलनं डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, चार दिवस मागंपुढं चालतात, काही बिघडत नाही.

प्रियलनं ते येऊन सांगितलं. मंजूबाईनं ऐकून घेतलं.

"चालतात ना?"

"हो मम्मीजी."

"त्यांना चालतात," मंजूबाई म्हणाली आणि साडीच्या निऱ्या घालू लागली.

प्रवचन बुडालं. धुळ्याहून ती दिवस मावळायच्या आत परतली, हातपाय धुतले आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला, चुकांची क्षमा मागायच्या प्रार्थनेला, खुर्चीवर सगळ्यांच्या पुढं बसली. कोण काय म्हणालं ते तिनं विचारलं नाही. मागच्या रांगेतली एक बाई मात्र नंतर हळूच तिच्याजवळ आली आणि म्हणाली, माझीही साडी हल्ली लांब होते, तुमची डॉक्टरीण कुठं बसते?

तिसरी सुई झाली आणि आखाजी आली. आमच्याकडं आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. गल्लोगल्ली झाडांना झोके बांधलेले, सासरहून आलेल्या पोरींची गाणी, पुरणाच्या मांड्यांचा वास. आणि स्थानकात त्या तिघींचं पारणं. वाळून काटकुळ्या झालेल्या, पण तोंडावर तेज. मंजूबाईच्या हातात रसाचा लोटा दिला. तिनं एकेकीच्या समोर ताठ उभं राहून रस पाजला, आणि प्रत्येकीच्या तोंडाकडं डोळे भरून पाहिलं.

घरी आली तर ओट्यावर कोकिळा बसलेली. कुठूनतरी उसाच्या रसाचा पेला घेऊन आलेली.

"ले शेठानी. तुन्हं बी पारनं."

"माझं कुठलं गं? माझं चालू आहे अजून."

"मंग मी पी जास."

"आण इकडं," मंजूबाई म्हणाली, आणि पेला तिच्या हातातून काढून घेतला. "गोड बंद नाही माझं. तारीख चुकली नाही एकही."

तिनं मान मागं टाकून रस प्यायला. पलीकडच्या लिंबाखाली कुणाची तरी लेक झोक्यावर उभी राहून आभाळाला पाय लावत होती, आणि पेला रिकामा झाला तरी मंजूबाई वर तिच्याकडंच पाहत होती.